कंबरदुखीची सेवा सुधारायची, तर रुग्णाला केव्हा विचारायचे?

वाचकांचे प्रश्न

कंबरदुखीवरील आमच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत औषधे आणि व्यायाम यांविषयीच्या शंकांबरोबर एक वेगळा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. फॅमिली डॉक्टरकडे कंबरदुखीसाठी मिळणारी सेवा अधिक चांगली व्हावी म्हणून रुग्णांनाच सोबत घेता येते का, आणि घेतले तर त्यांनी नेमके काय करायचे, असा तो प्रश्न आहे. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बऱ्याच वर्षांपासून इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहते. कंबरदुखीमुळे माझे आमच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, वारंवार जाणे होते. आता त्याच दवाखान्याने कंबरदुखीच्या रुग्णांसाठीची सेवा सुधारण्याकरिता रुग्णांची एक बैठक बोलावली आहे आणि मलाही पत्र आले आहे. मला वैद्यकातले काही कळत नाही. अशा बैठकीत मी काय बोलणार? आणि माझ्या बोलण्याने खरोखर काही बदलेल का?

उत्तर : आपण अवश्य जावे. वैद्यकशास्त्र जाणणारी माणसे त्या बैठकीत आधीच असतील. त्यांच्याजवळ नसलेली माहिती आपल्याजवळ आहे. दुखणे बळावल्यावर भेटीची वेळ मिळेपर्यंत रुग्ण घरी काय काय करून पाहतो, भेटीच्या थोडक्या मिनिटांत कोणती शंका ओठांवर येऊन परत जाते, ‘हालचाल चालू ठेवा’ हे ऐकून घरी आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालताना कळ आली की पुन्हा अंथरूण का धरतो, हे दवाखान्यातल्या कोणत्याही नोंदीत सापडत नाही. सेवेतील सुधारणेची सुरुवात याच माहितीपासून व्हायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमध्ये प्रत्येक जीपी दवाखान्याने ‘पेशंट पार्टिसिपेशन ग्रुप’, म्हणजे रुग्णांचा सहभाग गट, चालवावा ही अट एप्रिल २०१५ पासून त्यांच्या करारातच आहे. त्यामुळे हे निमंत्रण म्हणजे कोणी आपल्यावर केलेला उपकार नाही. मात्र गट असणे आणि गटाचे ऐकले जाणे यांत अंतर असते. अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या होत्या, आणि त्यांत नुसती माहिती देणे व नुसते मत विचारणे यांची गणना त्यांनी दिखाऊ सहभागातच केली होती. आराखडा पूर्ण झाल्यावर ‘कसा वाटला?’ असे विचारणारी बैठक याच प्रकारात मोडते. म्हणून पहिल्याच बैठकीत आपण दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : कोणता निर्णय अजून व्हायचा आहे, आणि आमच्या सूचनांपैकी कोणत्या स्वीकारल्या व कोणत्या नाकारल्या हे आम्हाला केव्हा व कोण सांगणार. ही उत्तरे मिळाली नाहीत, तर ती मिळेपर्यंत विचारत राहण्यात काहीही गैर नाही.

आपल्या बोलण्याने काही बदलते का, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापासून फार दूर नसलेल्या स्टॅफर्डशायरमधील कील विद्यापीठाकडे पाहून देता येईल. फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या हाडे, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांवर तेथे दीर्घकाळ संशोधन चालू आहे आणि २००६ पासून रुग्णांचा एक कायमस्वरूपी गट संशोधकांबरोबर काम करतो. संशोधनाचा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे का, माहितीपत्रक वाचून सामान्य माणसाला काही बोध होतो का, हे ते रुग्ण पाहतात. याच विद्यापीठात ‘स्टार्ट बॅक’ नावाची अवघ्या ९ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. त्यातील पहिले चार प्रश्न पायात उतरणारी कळ, मान-खांद्याचे दुखणे, चालणे आणि कपडे घालायला लागणारा वेळ यांविषयी आहेत. उरलेल्या पाचांत ‘माझ्यासारख्या स्थितीत हालचाल करणे सुरक्षित नाही असे वाटते का’, ‘हे दुखणे कधीच बरे होणार नाही असे वाटते का’ अशी भीती आणि निराशा यांची विचारपूस आहे, आणि शेवटी दुखण्याचा एकूण त्रास किती आहे ते विचारले आहे. म्हणजे डॉक्टरांच्या हातात रुग्णाला तपासण्याचे जे साधन दिले गेले, त्यातील निम्म्याहून अधिक भाग फक्त रुग्णच सांगू शकेल अशा गोष्टींचा आहे.

या उत्तरांवरून दुखणे रेंगाळण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त यानुसार रुग्णांचे तीन गट करून त्यानुसार उपचार ठरवण्याची पद्धत ८५१ रुग्णांवर तपासली गेली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर या पद्धतीने उपचार मिळालेल्या रुग्णांची दैनंदिन कामे करण्याची क्षमता नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारलेली दिसली आणि खर्चही कमी आला. परंतु अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात हीच पद्धत फॅमिली डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन राबवली, तेव्हा डॉक्टरांच्या प्रत्यक्ष उपचारांत फारसा बदल झाला नाही आणि रुग्णांनाही लाभ दिसला नाही. आमच्या मते यातून घेण्यासारखे हे आहे की, चांगले साधन दवाखान्यात नुसते आणून ठेवल्याने भागत नाही. ते रोजच्या कामात कसे बसेल, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ठरवावे लागते. आपल्याला नेमके यासाठीच बोलावले आहे.

बैठकीला जाताना एकच आजारपण, पण पहिल्या दिवसापासून क्रमाने, कागदावर लिहून न्यावे. ‘सेवा ठीक नाही’ या वाक्यावर कोणाला काही करता येत नाही. ‘फिजिओथेरपीचे पत्र येईपर्यंत मला कोणी फोन केला नाही आणि त्या काळात मी कामावर जाणे बंद केले’ या वाक्यावर करता येते. आणखी एक विनंती आहे. लेस्टरमध्ये गुजराती, पंजाबी, मराठी घरांतील अनेक ज्येष्ठ स्त्रिया इंग्रजी येत नसल्याने नातवाला दुभाषी म्हणून नेतात, आणि लघवीवरचा ताबा गेला आहे किंवा पाळीच्या दिवसांत कंबर अधिक दुखते हे नातवादेखत सांगणे त्यांना शक्य नसते. त्या या बैठकीला येणार नाहीत. त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेत वेगळी बैठक ठेवावी, असा आग्रह आपण धरावा. येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेचे मानधन मागण्यातही संकोच नसावा. तेथील संशोधन प्रकल्पांत रुग्णांना तासाला सुमारे २५ पौंड देण्याची रीत आहे.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. कंबरदुखीचे रुग्ण रोज येतात आणि बहुतेकांची मागणी ठरलेली असते : एमआरआय लिहून द्या, इंजेक्शन द्या, पट्टा द्या. रुग्णांना विचारून सेवा ठरवायची म्हणजे या मागण्या मान्य करायच्या का? आणि एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात हे सगळे जमणार कसे?

उत्तर : मागण्या मान्य करायच्या नाहीत, त्या मागण्या का केल्या जातात हे रुग्णांकडून समजून घ्यायचे आहे. कशाचा उपयोग होतो आणि कशाचा होत नाही, हे पुराव्याने ठरते, त्यावर मतदान होऊ शकत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कंबरदुखीसाठी फॅमिली डॉक्टरच्या पातळीवर सरसकट एमआरआय किंवा एक्स-रे काढू नयेत आणि केवळ पॅरासिटामॉल देऊ नये. ऑस्ट्रेलियात सुमारे १,६५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीवर पॅरासिटामॉल आणि औषधविरहित गोळी यांत फरक आढळला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी प्रसिद्ध केलेल्या सूचनांत कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (कमरेला ताण देणे) आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा सरसकट वापर नको असे सांगितले आहे, तर रुग्णशिक्षण, व्यायाम आणि गरजेनुसार मानसोपचार यांची शिफारस केली आहे. ही चौकट आपण सोडू नये.

आता एमआरआयचे पाहा. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशी वर्षांच्या माणसांपैकी ९६ टक्क्यांच्या मणक्यांमधील चकतीत झीज दिसली. केस पिकावेत तसाच हा बराचसा वयाचा भाग असतो. हे आपण रुग्णाला सांगतही असाल आणि तरी तो एमआरआय मागतच असेल. त्याचे एक कारण असे की, त्याचे दुखणे इतरांना दिसत नाही. घरातली माणसे, मुकादम, कार्यालयातला साहेब यांना ते खरे वाटत नाही. ‘मणक्यात गॅप आहे’ असा कागद हाती आला की मग ते खरे ठरते. ज्याला कागद हवा आहे तो मुळात विश्वास मागत असतो, ही गोष्ट अनेक देशांतील रुग्णांनी संशोधकांना सांगितली आहे. त्यामुळे रुग्णाला झोपवून, हात लावून, पाय उचलून नीट तपासणे, ‘तुमचे दुखणे खरे आहे’ हे शब्द उच्चारणे, हलक्या कामासाठी मालकाच्या नावे चार ओळींचे पत्र देणे आणि पुन्हा येण्याची नक्की तारीख देणे, या गोष्टींनी एमआरआयची मागणी बरीच सौम्य होऊ शकते. यातील कोणती गोष्ट आपल्या गावात अधिक लागू पडेल, हे मात्र आपले रुग्णच सांगतील.

लोकांशी थेट बोलण्याचा उपयोग होतो याचा एक मोठा दाखला ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा आहे. तेथे १९९७ ते १९९९ या काळात दूरचित्रवाणीवरून ‘पडून राहू नका, कामात राहा’ असा संदेश देणारी मोहीम चालवली गेली. लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या, कंबरदुखीमुळे होणारे नुकसानभरपाईचे दावे कमी झाले; शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये मोहीम नव्हती आणि तेथे असा बदल दिसला नाही.

एकट्या डॉक्टरला हे जमण्यासारखे आहे. इंग्लंडमधील ल्युटन अँड डन्स्टेबल रुग्णालयात डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी वापरलेली एक पद्धत पुढे अनेक ठिकाणी स्वीकारली गेली. रुग्णांनी आपले अनुभव आधी सांगायचे, ते चित्रित करायचे, कर्मचाऱ्यांनी ते ऐकायचे, आणि मग दोघांनी एकत्र बसून पहिल्यांदा काय बदलायचे ते ठरवायचे, असा तिचा क्रम आहे. आपल्या दवाखान्यात चित्रीकरणाची गरज नाही. सहा-आठ रुग्णांना बोलवा, पण त्यांत आपला सल्ला मानणारेच नकोत. मध्येच उपचार सोडून हाडवैद्याकडे गेलेले आणि थेट शहरात जाऊन शस्त्रक्रिया करून आलेले रुग्णही हवेत, कारण सेवा कोठे तुटते हे तेच सांगू शकतात. चर्चा आपण स्वतः चालवू नये. गावातील शिक्षिका किंवा निवृत्त परिचारिका यांना ते काम द्यावे, कारण डॉक्टरांच्या तोंडावर डॉक्टरांची तक्रार करणारी माणसे आपल्याकडे विरळा आहेत. स्त्रियांची बैठक वेगळी, दुपारच्या वेळी आणि दवाखान्याबाहेर घेतल्यास त्या अधिक मोकळेपणाने बोलतील. एका वेळी एकच बदल करावा आणि तो झाल्याचे त्याच माणसांना पुन्हा बोलावून सांगावे. हे शेवटचे पाऊल सर्वाधिक वेळा राहून जाते आणि पुढच्या बैठकीला कोणी येत नाही.

सुधारणा झाली की नाही हे कशावरून ओळखायचे, हाही प्रश्न रुग्णांपुढे ठेवावा. संशोधनात १९८३ पासून वापरली जाणारी रोलंड-मॉरिस प्रश्नावली उत्तम आहे. तिच्या २४ विधानांत खुर्चीतून उठणे आहे, जिन्याचा कठडा धरणे आहे. परंतु मांडी घालून पंगतीला बसणे, चुलीपुढे उकिडवे बसून भाकरी थापणे, कळशी काखेत घेणे हे तिच्यात नाही. त्यासाठी १९९५ मध्ये पुढे आलेली एक साधी रीत आपल्याला उपयोगी पडेल. रुग्णाने स्वतःला अडणारी तीन ते पाच कामे स्वतःच सांगायची आणि प्रत्येकाला ० ते १० गुण द्यायचे. ० म्हणजे मुळीच जमत नाही, १० म्हणजे दुखण्याआधी जमत होते तसे जमते. केसपेपरच्या कोपऱ्यात हे मावते. पुढच्या भेटीला ‘किती दुखते?’ या प्रश्नाआधी ‘भाकरी थापायला किती वेळ बसता येते?’ असे विचारले गेले, की रुग्णाचे उत्तरही बदलते आणि डॉक्टरचा पुढचा सल्लाही.

प्रश्न : मी नाशिकचा, निवृत्त बँक कर्मचारी आहे. आमच्याकडे असे गटबिट नाहीत. डॉक्टरांकडे गर्दी असते, मला जेमतेम पाच मिनिटे मिळतात. अशा वेळी एकट्या रुग्णाने सहभागी व्हायचे म्हणजे काय करायचे?

उत्तर : सांगलीच्या डॉक्टरांना वर सुचवल्याप्रमाणे, दुखण्यामुळे आपल्याला अडणारी तीन कामे घरी लिहून न्या आणि तो कागद डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवा, पाच मिनिटांतले निम्मे काम तेथेच होते. मग इतकेच विचारा की हा उपचार कशासाठी आहे, तो न केल्यास काय होईल, आणि किती दिवसांत फरक पडला नाही तर परत यायचे. व्यायाम सांगितला आणि तो जमणार नसेल, तर मान न डोलावता तसे तेथेच सांगा. गुडघे दुखणाऱ्याला जमिनीवर झोपून उठण्याचे व्यायाम देणे निरर्थक असते, पण गुडघ्याचे डॉक्टरांना कळलेच नाही तर ते दुसरे काय देणार? चालणे हा पर्याय बहुतेकांना जमतो. कंबरदुखीतून बरे झालेल्या ७०१ जणांवरील ऑस्ट्रेलियातील एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने टप्प्याटप्प्याने चालणे वाढवणाऱ्यांचे दुखणे उलटायला मध्यमानाने २०८ दिवस लागले, तर काहीच न करणाऱ्यांचे ११२ दिवसांतच उलटले. किती चालायचे आणि केव्हा, हे डॉक्टरांबरोबर बोलून आपणच ठरवा.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात आशा सेविका आहे. आमच्या गावातून ऊसतोडीला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईची कंबर दुखते. डॉक्टर आराम करायला सांगतात. या बायांना कोण विचारणार? त्यांना कुठे बोलता येईल?

उत्तर : आपल्या पत्राने आम्हाला फार विचारात पाडले. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेल्या जोडप्यातील बाईला आराम सांगणे म्हणजे खाडा लावून घ्यायला सांगणे आहे, आणि हे डॉक्टरांना ठाऊक नसेल तर ते त्यांना कोणी तरी सांगायलाच हवे. बाईचे म्हणणे पुरते न ऐकता उपचार केले गेले की काय होते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती.

बोलण्याच्या जागा कागदावर तरी आहेत. गावपातळीवर आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती आहे, आणि महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला, ज्यात लोकांनी जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून प्रश्न मांडले. या समित्यांत लसीकरण, बाळंतपण, औषधांचा साठा यांवर बोलणे होते. कंबरदुखीने कोणी दगावत नाही म्हणून तो विषयच निघत नाही. तो आपण काढू शकता. वेळ मात्र सांभाळा : दिवाळीनंतर या बाया गावात नसतात, त्यामुळे त्या परतल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना एकत्र बसवा. ‘कुठे दुखते’ याच्या आधी ‘कोणत्या कामाने दुखते’ हे विचारा. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे, खोपीपर्यंत लांबून पाणी आणणे, दिवसभर वाकून तोडणी करणे, यांतील नेमके काय बदलता येईल, मोळी लहान बांधता येईल का, भरणीत आलटून पालटून पाळी लावता येईल का, हे त्या स्वतः सांगतील. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या आणि बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. मोळीचे वजन आणि पाण्याची सोय दवाखान्याच्या हातात नाही. ते मुकादमाकडे आणि कारखान्याकडे मागावे लागेल, आणि त्या मागणीला वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचे पत्र जोडता आले तर तिचे वजन वाढेल.

प्रश्न : पुण्यातील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कंबरदुखी असलेल्यांचा गट सुरू करत आहोत. एकमेकांचे ऐकून कोणाचे नुकसान तर होणार नाही ना?

उत्तर : सेवेतील अनुभव जरूर सांगावेत, स्वतःच्या गोळ्यांची नावे दुसऱ्याला सांगू नयेत, हा नियम पहिल्या दिवशीच करावा. बैठकीच्या खोलीत पुढील मजकूर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा. कंबरदुखीबरोबर रात्रीचा ताप, कारण नसताना घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो, हेही ध्यानात असू द्यावे. लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे किंवा पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच वेळी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.